चार शब्दांचे परीक्षण

चित्रपटाचे परीक्षण किती लहान असू शकते, हा प्रश्न वरवर पाहता वृत्तपत्रीय सोयीचा वाटतो. शुक्रवारी चार चित्रपट लागलेले असतात, स्तंभातली जागा ठरलेली असते आणि उपसंपादक ओळी मोजत बसलेला असतो. वस्तुतः हा प्रश्न समीक्षेच्या मुळाशी जाणारा आहे. नेहमीच्या परीक्षणातून कथासार, नटांची नामावली, छायाचित्रणाविषयीचे ठरीव वाक्य आणि संगीताविषयीचे त्याहून ठरीव वाक्य काढून टाकले, तर मागे उरतो तो निवाडा की नुसता शेरा? आणि तो शेरा चमकदार असेल, वाचकाला हसू आणणारा असेल, तर केवळ तेवढ्यावर त्याला परीक्षण म्हणून स्वीकारावे काय?

या प्रकारातली दोन उदाहरणे वारंवार सांगितली जातात आणि योगायोगाने दोन्ही १९४८ सालच्या अमेरिकन चित्रपटांची आहेत. त्या वर्षी 'यू वर मेन्ट फॉर मी' या नावाचा एक संगीतप्रधान चित्रपट आला. तू माझ्यासाठीच जन्मलीस, अशा अर्थाचे ते शीर्षक. 'द नेशन' या साप्ताहिकात १९४२ पासून चित्रपटांवर लिहिणाऱ्या जेम्स एजी यांनी त्याची चार इंग्रजी शब्दांत बोळवण केली. त्या शब्दांचा आशय इतकाच, की हा तुमचा समज आहे. दुसरा चित्रपट 'इझन्ट इट रोमँटिक?'. हे शीर्षकच मुळात प्रश्नरूप. लेनर्ड मॉल्टिन यांनी आपल्या चित्रपटकोशात त्या प्रश्नाला एका नकारार्थी शब्दाने उत्तर दिले आणि नोंद संपवली. परीक्षण याहून लहान करायचे तर कोरा कागदच छापावा लागेल.

हसून झाल्यावर मात्र एक अडचण लक्षात येते. ही दोन्ही उत्तरे शीर्षकांना दिलेली आहेत, चित्रपटांना नव्हेत. चित्रपटगृहाची पायरीही न चढलेल्या माणसाला, केवळ भिंतीवरचे भित्तिपत्रक वाचून, ती सुचू शकली असती. मग ती परीक्षणे म्हणून का मानली गेली? याचे उत्तर त्या शब्दांत सापडत नाही, त्यांच्या भोवताली सापडते. चार शब्दांत एका चित्रपटाला निकालात काढणाऱ्या याच एजी यांनी आदल्या वर्षी, १९४७ साली, चॅप्लिनच्या 'मस्य व्हर्दू'वर त्याच साप्ताहिकात तीन अंकांतून सविस्तर लिहिले होते आणि तेही तो चित्रपट अमेरिकेतल्या बहुतेक परीक्षकांनी झिडकारलेला असताना. मॉल्टिन यांचा कोश १९६९ साली प्रथम निघाला, त्याची शेवटची वार्षिक आवृत्ती २०१४ साली आली. त्यात हजारो चित्रपटांच्या साल, लांबी आणि प्रमुख नटांसह नेमस्त नोंदी आहेत आणि तो एक शब्द त्या नोंदींच्या गर्दीत उभा आहे. म्हणजे येथे संक्षेपामागे अनामत ठेवलेली आहे. जो विस्ताराने लिहू शकतो, आणि लिहिले पाहिजे तेथे लिहितो, त्याच्या मौनाला अर्थ येतो. ही अनामत नसेल तर तेच शब्द टवाळी ठरतात.

आपल्याकडे अल्पाक्षरी निवाड्याची परंपरा नाही असे नाही. परंतु ती छापील पानावर नाही, चित्रपटगृहाबाहेरच्या पदपथावर आहे. 'पडला', 'चालला', 'पैसे वसूल', 'डोक्याला ताप' ही मराठी माणसाची सर्वांत लहान परीक्षणे होत. त्यांतली पहिली दोन नीट पाहण्याजोगी आहेत. 'पडला' या क्रियापदात चित्रपटाच्या गुणाविषयी काहीच नाही, त्याच्या नशिबाविषयी सर्व काही आहे. चांगला चित्रपट पडतो, वाईट चालतो, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असते. तरीही ते क्रियापद उच्चारले की निकाल लागल्यासारखे वाटते. 'पैसे वसूल' यात निदान एक मापदंड आहे, मग तो तिकिटाच्या दराचा का असेना. वृत्तपत्रांनी यात भर घातली ती 'एकदा बघायला हरकत नाही' या वाक्याची. कोणालाही न दुखावता कोणालाही काहीही न सांगण्याची सोय करणारे यापेक्षा सुटसुटीत मराठी वाक्य सापडणे कठीण.

छापील मराठीतला उपहास मात्र संक्षेपाच्या वाटेने गेला नाही. आचार्य अत्र्यांची लेखणी 'नवयुग'मध्ये आणि पुढे 'मराठा'मध्ये जेव्हा एखाद्यावर तुटून पडे, तेव्हा ती विस्ताराने तुटून पडे. दहा हजार वर्षांच्या मापाने अतिशयोक्ती करणाऱ्या त्यांच्या शैलीला चार शब्द पुरणार नव्हते. बाबूराव पटेलांनी मुंबईत १९३५ साली 'फिल्मइंडिया' हे मासिक काढले. तेथील परीक्षणे जळजळीत असत, पण तीही ऐसपैस. संक्षेप दिसे तो मथळ्यात आणि वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांत. शिवाय ते मासिक इंग्रजी होते. त्यामुळे लघुत्वाचा तो सराव मराठी वाक्यात उतरला नाही.

याचे कारण भाषेच्या घडणीत शोधण्याचा मोह होतो आणि तो अगदीच अनाठायी नाही. इंग्रजीत एकच शब्द रूप न बदलता नाम होतो आणि क्रियापदही होतो. तेथील चार शब्दी कोट्या बहुधा या दुहेरीपणावर उभ्या असतात. मराठीत विभक्तिप्रत्यय लागला, क्रियापदाला लिंगवचन चिकटले, की श्लेषाचे एक दार बंद होते. परंतु दुसरे उघडते. मराठी क्रियापद कर्त्याला पोटात घेऊन फिरते. 'मेली' या एका शब्दात कोण गेले याची अर्धी ओळख आलेली असते. कुंतकाने वक्रतेचे प्रकार सांगताना प्रत्ययाच्या वक्रतेला स्वतंत्र स्थान दिले, ते अशा भाषांतल्या लेखकाने विसरू नये. दुसरी गोष्ट शब्दक्रमाची. मराठी वाक्यात क्रियापदाच्या लगेच आधी जे येते त्यावर भर पडतो. तीन-चार शब्दांच्या वाक्यात हा भर म्हणजेच सगळा युक्तिवाद असतो.

अल्पाक्षरत्व म्हटले की आपल्याला सूत्र आठवते आणि अर्धी मात्रा वाचली तरी पुत्रजन्माचा आनंद मानणारे वैयाकरण आठवतात. पण ही तुलना फार ताणता येत नाही. सूत्राच्या परंपरागत लक्षणात अल्पाक्षरत्वाच्या पाठोपाठ असंदिग्धता येते. विनोदी परीक्षण तर संदिग्धतेवरच जगते. साम्य आहे ते दुसऱ्याच ठिकाणी. सूत्राला भाष्य लागते, त्याचप्रमाणे या परीक्षणालाही लागते आणि ते भाष्य म्हणजे वाचकाने पाहिलेला चित्रपट.

हे उदाहरणांनी पाहणे बरे. नमुन्यादाखल चार शब्दांची मर्यादा मानू. जब्बार पटेल यांच्या 'सिंहासन'विषयी (१९७९) 'खुर्ची स्थिर. माणसे फिरतात' असे कोणी लिहून पाठवले, तर ते चटकदार आहे, चित्रपटाच्या आशयाशी विसंगतही नाही. तरी संपादकाने ते परत करावे. राजकारणावरच्या कोणत्याही चित्रपटाखाली ते छापता येईल, एवढेच कारण पुरेसे आहे. त्याच दिग्दर्शकाच्या 'सामना'साठी (१९७५) 'प्रश्न एकच. उत्तर फरार' हे अधिक बरे, कारण मारुती कांबळेचे काय झाले, हा त्या चित्रपटाचा कणाच आहे. पण रहस्यपटांची निम्मी जात यात बसते. स्वीकाराची कसोटी हीच असावी असे वाटते: हे शब्द उचलून दुसऱ्या चित्रपटाखाली ठेवता येतात काय? येत असतील तर ते परीक्षण नव्हे, सुभाषित होय. 'झोप छान लागली' यासारखी विधाने या कसोटीपुढे क्षणभरही टिकत नाहीत.

आता नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) घेऊ. 'दगड प्रेक्षकाला लागतो.' तीनच शब्द. ज्याने चित्रपट पाहिलेला नाही तो हे लक्षणेने वाचतो: चित्रपट अस्वस्थ करणारा दिसतो. ज्याने पाहिलेला आहे त्याला शेवटी जब्याने भिरकावलेला, थेट कॅमेऱ्याच्या रोखाने येणारा दगड आठवतो आणि लक्षणा मागे पडून अभिधा पुढे येते. एरवी काव्यविचारात आपण वाच्यार्थाकडून व्यंग्यार्थाकडे जातो. येथे अनभिज्ञ वाचकाच्या हाती आधी अलंकार पडतो आणि चित्रपट पाहिल्यावर त्याला कळते, की ते साधे वर्णन होते. शब्दक्रमही पाहावा. 'प्रेक्षकाला दगड लागतो' असे म्हटले तर भर दगडावर जातो आणि विधान अपघाताच्या बातमीसारखे होते. 'प्रेक्षकाला' हे पद क्रियापदाला खेटून आले, की तोवर सुरक्षित अंधारात बसलेल्या माणसाकडे बोट वळते. शेवट फोडल्याचा आरोपही येथे लागू होत नाही, कारण न पाहिलेल्याला काहीच फुटत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'विषयी (२०१४) पहिल्या झटक्यात सुचेल ते 'पुढची तारीख'. दोन शब्द आणि हशा हमखास. पण हा हशा चित्रपटाचा नाही, न्यायव्यवस्थेविषयीच्या आपल्या जुन्या तक्रारीचा आहे. चित्रपट पाहण्यापूर्वीही तो आपल्यापाशी होताच. 'न्यायालय बंद, चित्रपट चालू' हे तितके हसवत नाही. परंतु उन्हाळी सुटीसाठी न्यायालय बंद होते, दालनातले दिवे विझतात, प्रेक्षक उठण्याच्या तयारीत असतो आणि चित्रपट मात्र न्यायाधीशाच्या मागोमाग सहलीला जातो. त्या चित्रपटाची सगळी धारणा, की निवाडे दालनाबाहेर घडत असतात, या चार शब्दांत मावते. संपादकाने दोहोंतून कोणते घ्यावे याविषयी शंका नसावी. प्रत्यक्षात पहिले घेतले जाण्याचा संभव अधिक, हेही खरे.

तारांकनाचा उल्लेख येथे ओझरताच पुरे. साडेतीन तारे हे चार शब्दांहूनही लहान असतात. पण त्यांत नाकारण्याजोगे काही लिहिलेलेच नसते, त्यामुळे त्यांच्या स्वीकाराचा प्रश्न उद्भवत नाही.

खरी पंचाईत निंदेची आहे. अल्पाक्षरी विनोद निंदेकडे आपोआप घरंगळतो, कारण निंदेला पुरावा द्यावा लागत नाही, हसणारा वाचकच पुरावा होतो. हॉलिवूडच्या बड्या निर्मितिसंस्थेने काढलेल्या चित्रपटाला एका शब्दाने ओरखडाही उठत नाही. कर्जाऊ पैशांवर काढलेला, एका आठवड्यासाठी दुपारच्या खेळाला चित्रपटगृह मिळालेला मराठी चित्रपट त्याच एका शब्दाने संपू शकतो. दोन्ही ठिकाणी शब्द तोच आणि विनोदाची प्रतही तीच असते. परीक्षकाने प्रत्येक वेळी निर्मात्याची पतपेढी तपासावी असे कोणी म्हणणार नाही. पण ज्याच्यावर चार शब्द खर्चायचे त्याच्यासाठी आपण चारशे लिहू शकलो असतो काय, एवढे तरी त्याला ठाऊक असले पाहिजे. एजींना ते ठाऊक होते. स्तुतीच्या बाजूला मात्र असा प्रश्नच क्वचित येतो, कारण चार शब्दांत स्तुती करायला फार थोडे धजावतात. 'अप्रतिम' हा एक शब्द वापरून वापरून इतका गुळगुळीत झाला आहे, की तो जाहिरातीतच शोभतो.

संदीप सावंत यांचा 'श्वास' (२००४) या दृष्टीने अवघड आहे. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मिळवून देणाऱ्या या चित्रपटाविषयी 'दृष्टी जाते. दिसू लागते' असे लिहिण्याचा मोह कोणालाही व्हावा. विरोधाभास आहे, तोल आहे, दुसऱ्या चित्रपटाखाली सहजी बसणारही नाही. आणि तरीही ते खोटे आहे. कर्करोगामुळे ज्याचे डोळे काढावे लागणार आहेत त्या मुलाला चित्रपटात काहीही 'दिसू लागत' नाही. त्याच्या वाट्याला आलेल्या अंधारातून परीक्षकाने स्वतःपुरता एक उजेड काढून घेतलेला असतो. त्या ऐवजी लिहायचे तर 'आजोबा नातवाला शहर दाखवतात' असे लिहावे लागेल. शस्त्रक्रियेच्या आधी तो म्हातारा पोराला घेऊन रुग्णालयातून बाहेर पडतो, ते याच कामासाठी. श्लेष नाही, विरोधाभास नाही, 'दाखवतात' या साध्या क्रियापदावर काय भार पडला आहे ते फक्त पाहिलेल्याला कळेल. विनोदाची अट घालणारा संपादक हे चार शब्द परत पाठवील.