दिवेलागणीचे औक्षण

आपल्या हिंगोली जिल्ह्यातून शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला गेलेली मुले पुढे परदेशी स्थिरावली, आणि मागे राहिलेल्या आजी-आजोबांच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत नातवंडांचे वाढदिवस खुणावले जाऊ लागले. अडचण येते ती घड्याळाची. न्यू जर्सीपेक्षा आपण उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेदहा. जूनमध्ये तिथे शनिवारी दुपारी चारला केक कापला जातो, तेव्हा इथे मध्यरात्र उलटून दीड वाजलेला असतो.

माझ्या थोरल्या भावाची नात तिथेच वाढते आहे. तिच्या दुसऱ्या वाढदिवशी आमच्या ८२ वर्षांच्या आईने वसमतच्या घरी जागरणाचा बेत केला. जेवणापूर्वीची मधुमेहाची गोळी तिने नेहमीप्रमाणे आठला घेतली. जेवण मात्र 'केक कापल्यावर गोडाबरोबरच' म्हणून लांबवले. साडेअकराला तिला दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. रक्तातील साखर ५२ भरली. तिला गिळता येत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी केली आणि मग वरणभात भरवला. सावरल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "केक कापला का रे?"

वाचकहो, त्या प्रश्नापुढे 'जागू नका' एवढा वैद्यकीय सल्ला अपुरा पडतो. आईला केकचे अप्रूप नव्हते. पणतीच्या वाढदिवसात तिला स्वतःचे काही करायचे होते.

पुढच्या वर्षी आम्ही वेळच बदलली. आपल्याकडे सायंकाळचे सात, म्हणजे तिथे सकाळचे साडेनऊ. पुतणीने लेकीला नवा फ्रॉक घालून पाटावर बसवले. इकडे आईने तबकात निरांजन, हळदकुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी मांडली व पडद्यासमोर ओवाळले. तिकडे कुंकू लावले पुतणीने. सारे पाच-सात मिनिटांचे. मग वेळेवर गोळी, लगेच पिठलं-भाकरी, आणि दहाला आई झोपली. दुपारची मेजवानी तिने दुसऱ्या दिवशी चहा घेताना चित्रफितीत पाहिली.

घरात मधुमेही ज्येष्ठ असतील तर एवढे सांभाळा. जेवणाशी जोडलेली गोळी वा इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबवू नये. जागायचेच असेल, तरी जेवण नेहमीच्या वेळी व्हावे. घाम, थरथर वा गोंधळलेपणा दिसताच साखर तपासावी. ७०पेक्षा कमी असल्यास आईला दिले तसे साखरपाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणि परदेशी असलेल्या मुलांनो, पाहुण्यांना वेळ कळवण्याआधी आजीच्या जेवणाची वेळ विचारा. ओवाळण्याचा पहिला मान तिला द्या. केक नंतर सावकाश कापता येतो.