दोन टक्क्यांतली माणसं

अँड्रॉइड अ‍ॅपच्या कोडमध्ये एक ओळ असते, मिनएसडीके नावाची, आणि तिच्यापुढे एक आकडा. 21 लिहिलं तर अ‍ॅप अँड्रॉइड 5.0 पासून पुढच्या फोनवर चालतं, 24 लिहिलं तर 7.0 पासून. दर वर्ष-दीड वर्षाने हा आकडा वाढवायची चर्चा निघते. कोणीतरी डॅशबोर्ड उघडतं, जुन्या आवृत्त्यांसमोर एक-दोन टक्के दिसतात आणि मीटिंग दहा मिनिटांत आटोपते.

मी पुण्यात नोकरी करतो, पण मूळचा मलकापूरचा. त्या दोन टक्क्यांतली माणसं मला चेहऱ्याने माहीत आहेत. आमच्याकडे नवा फोन घेतला जातो तो माझ्यासाठी. माझा जुना बाबांकडे जातो, बाबांचा काकांकडे, काकांचा शेतावरच्या सालदाराकडे. बॅटरी बदलली की त्याची आणखी दोन वर्षं निघतात. फोन ठणठणीत असतो, म्हातारी होते ती आतली सिस्टीम.

आकडा वाढवण्यामागची कारणं मात्र खोटी नाहीत. 6.0 च्या आधी कॅमेरा, लोकेशन वगैरेंच्या परवानग्या अ‍ॅप टाकतानाच एकदम घेतल्या जात, 6.0 पासून त्या वापरताना मागाव्या लागतात. म्हणजे एकाच कामाच्या दोन वाटा लिहायच्या आणि दोन्ही तपासायच्या. काही गोष्टी तर आपल्या हातातच नसतात. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था वेबसाइटांना फुकट सुरक्षा प्रमाणपत्रं देते. ज्या मूळ प्रमाणपत्राच्या भरवशावर ती चालत होती, त्याची मुदत 30 सप्टेंबर 2021 ला संपली. नवं मूळ प्रमाणपत्र 7.1.1 पेक्षा जुन्या अँड्रॉइडच्या यादीत नव्हतंच, आणि ती यादी सिस्टीमसोबतच येते. असे फोन एकदम तुटू नयेत म्हणून संस्थेने तीन वर्षांची तोड काढली. तीही 2024 मध्ये संपली.

तरीही टक्क्यांचा हिशेब मला पटत नाही. डॅशबोर्ड फोन मोजतो, माणसं मोजत नाही. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, आणि सातबाऱ्यावरची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करायची. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, त्यामुळे गल्लीत एकाचा फोन चालला तर पाच-सहा घरांचं काम होतं. आणि ज्याच्या फोनमध्ये अ‍ॅप उतरलंच नाही, तो तर कुठल्याच टक्क्यात येत नाही.

ही नोंद म्हणजे नुसता कागद नव्हे. 2023 च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी सरकारने हेक्टरी 5,000 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर केले, तेव्हा ई-पीक पाहणीची नोंद ही सुरुवातीला अट होती. ती पुढे शिथिल करावी लागली. दोन हेक्टरवाल्याला 10,000 रुपये म्हणजे त्याच्या फोनपेक्षा जास्त.

आमचं अ‍ॅप सरकारी नाही, शेतमालाचे भाव आणि पावत्या दाखवणारं आहे. यंदा आकडा 24 करायचं ठरलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, की आकडा वाढवणं वेगळं आणि दार बंद करणं वेगळं. मिनएसडीके वाढला तरी आधी टाकलेलं अ‍ॅप फोनमधून जात नाही. त्याला नवे अपडेट तेवढे मिळत नाहीत. ते मरतं ते आपण सर्व्हरवरून ‘अपडेट केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही’ असा पडदा टाकतो तेव्हा. ज्या फोनसाठी अपडेटच नाही, त्याच्यासमोर हा पडदा टाकायचा?

“मग जुनी एपीआय सांभाळायची कोणी?” मॅनेजरने विचारलं. प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, मी सांभाळतो, पण कायमची नाही. तासभर वाद झाला. शेवटी ठरलं की आकडा 24 होईल, जुन्या आवृत्तीला नवीन काही मिळणार नाही, पण तिचे भाव आणि पावत्या चालू राहतील. बंद करायची तारीख दोन महिने आधी अ‍ॅपमध्येच मराठीत दिसेल, आणि ती जून ते फेब्रुवारीच्या मधली नसेल.

फेब्रुवारी का, असं कोणीतरी विचारलं. तोपर्यंत कापूस विकला गेलेला असतो, आणि फोन बदलायचाच असेल तर पैसे असतात ते तेव्हाच.