लाइट डिम

देसाईगंज (वडसा),
शिमग्याच्या आधीचा रविवार

चि. मुग्धास,


परवा व्हिडिओवर तू एकच प्रश्न तीनदा विचारलास आणि मी तिन्ही वेळा विषय बदलला. ‘मोठे बाबा, कॉम्प्युटरमागच्या भिंतीवर कागद कसला चिकटवलाय? त्यावर लाइट डिम का लिहिलंय?’ तुझी मोठी आई शेजारी तोंडाला पदर लावून हसत होती, म्हणून तुला जास्तच शंका आली असणार. गोष्ट फोनवर सांगण्याजोगी नाही. लांब आहे, आणि मध्ये एका ठिकाणी थोडा दोष तुझ्याकडेही येतो. म्हणून लिहायला बसलो.

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता, म्हणजे ऐन सीझन. दिवाळी झाली की शिमग्यापर्यंत वडशाचं काय होतं ते तुला सांगायला नको. नाटक कंपन्यांची ऑफिसं, रस्त्यावर टांगलेले बोर्ड, शंकरपट आणि मंडईच्या तारखा धरायला आलेली गावोगावची मंडळं. पुण्या-मुंबईच्या पेपरांना झाडीपट्टीची आठवण झाली ती 2023 मध्ये गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा. चार दिवस आठवण राहिली. इथे मात्र नाटक हा धानाइतकाच हंगामी धंदा आहे आणि त्यात माझा वाटा संहिता टाइप करण्याचा. लेखक हाताने लिहून देतो, त्याही शेवटच्या घटकेला. मी टाइप करून दोन तऱ्हेच्या प्रती काढतो: नटांची साधी आणि प्रॉम्प्टरची 18 पॉइंटात. आडोशाला उजेड कमी असतो आणि वाचणाऱ्याचे डोळे माझ्याच वयाचे असतात. नट आज एका गावी एक नाटक करतो, उद्या दुसऱ्या गावी दुसरं. पाठांतराला वेळ कुठला? सगळी मदार प्रॉम्प्टरवर. तू दुसऱ्या अंकालाच घोंगडीवर झोपायचीस, नाहीतर पुढच्या रांगेत प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं हे तुलाही कळलं असतं.

तर त्या रात्री बदललेला तिसरा अंक टाइप करून झाला होता. सकाळी सातला कंपनीची गाडी निघणार आणि त्याआधी प्रॉम्प्टर प्रत न्यायला येणार. प्रिंट काढायच्या आधी मी एक उद्योग केला. हार्मोनियमवाल्याने पेनड्राइव्ह दिला होता, त्यातली नाटकाची गाणी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला लागलो. मध्येच ‘जागा नाही’ असा काहीतरी निरोप आला. मी तो न वाचताच बंद केला. मग पडदा अडकला, माउस हलेना, तेव्हा बटण दाबून मशीन बंद केलं आणि पुन्हा चालू केलं.

हिरव्या पानाचं चित्र आलं आणि गेलं. त्यानंतर तुझं ते नेहमीचं निळं पान यायला हवं होतं, माझं नाव आणि खाली पासवर्डची चौकट. त्याऐवजी काळा पडदा, वर डाव्या कोपऱ्यात एक ओळ, तिच्याखाली रोमन अक्षरांत ‘वडसा लॉगइन’ आणि लुकलुकणारी एक रेघ. मशिनचं नाव वडसा तूच ठेवलंस, देसाईगंज लांबलचक होतं म्हणून. दहा मिनिटं मी त्या रेघेकडे बघत बसलो.

चौकातल्या मोबाइलच्या दुकानातला पोरगा बोलावला. त्याने एकदा पाहिलं आणि निकाल दिला, ‘डिस्क गेली जी गुरुजी. विंडो मारून देतो, सब साफ होऊन जाईन.’ सब साफ म्हणजे तिसरा अंकही साफ. मी त्याला चहा पाजून परत पाठवलं. आयुष्यात मी घेतलेल्या बऱ्या निर्णयांत हा एक धर.

तुला फोन करणार होतो. इथे साडेदहा म्हणजे तुमच्याकडे सात, वेळ काही वाईट नव्हती. पण दुसऱ्या दिवशी तुझी परीक्षा होती आणि मोठ्या आईने फोन हातातून काढून घेतला. मग आठवला तो माझा जुना विद्यार्थी, जो नागपूरला एका कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्सची मशिनं सांभाळतो. झोपेतून उठला बिचारा. मी सगळं सांगितलं. त्याने विचारलं, ‘गुरुजी, प्रॉम्प्ट आलाय का?’

मी म्हटलं, ‘नाही, तो सकाळी येणार आहे.’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्याच्या लक्षात आलं मी कुठल्या गावाहून बोलतोय, आणि तो मोठ्याने हसला. म्हणाला, ‘गुरुजी, काही मेलेलं नाही. डिस्क गेली असती तर मशीन इथवर आलंच नसतं. नाटक उभं आहे, फक्त पडदा वर गेला नाही. आणि ती जी रेघ लुकलुकते ना, ती तुमची वाट बघते आहे. नाव सांगा.’

नाव सांगितलं तर घेईना. मी पहिलं अक्षर मोठं टाइप करत होतो, व्याकरणाने. लिनक्सला मोठं आणि लहान अक्षर ही दोन वेगळी अक्षरं. मग पासवर्ड. मी बटणं दाबतोय आणि पडद्यावर काहीच उमटत नाही, एक टिकलीसुद्धा नाही. मला वाटलं कीबोर्डही गेला. तो म्हणाला, उमटणारच नाही, तसंच असतं, आंधळेपणाने टाइप करा आणि एंटर मारा. तिसऱ्या खेपेला आत गेलो.

आत गेलो म्हणजे काय, पुन्हा काळाच पडदा. पण आता तो माझं ऐकत होता. मी आधी म्हटलं, मला माझ्या फाइली दाखव. त्याने दोन अक्षरांची आज्ञा सांगितली, एल आणि एस. यादी आली आणि माझ्या पोटात गोळा आला. ‘तिसरा अंक’, ‘प्रॉम्प्टर प्रत’, सगळ्या मराठी नावांच्या जागी नुसत्या चौकटी. ओळीच्या ओळी चौकटी! आणि गंमत बघ, 2020 च्या आधीची जी जुनी नाटकं आहेत, ज्यांना मी इंग्रजीत नावं दिली होती, ती स्वच्छ वाचता येत होती.

त्याने समजावलं ते मला फार आवडलं, म्हणून तुलाही सांगतो, तुला माहीत असलं तरी. त्या काळ्या पडद्याजवळ अक्षरांचा खण अगदी लहान असतो, फार तर 512 खिळे. एका आकाराला एक खिळा. आपल्या देवनागरीला वेलांटी मागे टाकायची, रफार वर चढवायचा, क ला ष जोडून क्ष करायचा. हे त्याला जमत नाही. नाव डिस्कवर जसंच्या तसं आहे, दाखवायला खिळा नाही एवढंच. छापखान्यात खिळे जुळवणारी माणसं मी पाहिलेली आहेत, त्यामुळे मला हे लगेच पटलं. भीती गेली.

मग शोध सुरू झाला. त्याने विचारलं, मशीनला उठल्यावर कुठवर यायला सांगितलंय? आज्ञा दिली, उत्तर आलं ‘ग्राफिकल’. म्हणजे चित्रांच्या पडद्यापर्यंत यायचंच होतं. ‘मल्टी-यूजर’ असं आलं असतं तर काळ्या पडद्यावर थांबणं हाच हुकूम ठरला असता, आणि एका ओळीत तो बदलता आला असता. म्हणजे आता दोरी ओढणारा गडी कुठे गेला ते बघायचं. तो म्हणाला, ‘स्टेटस लाइट डीएम बघा.’

मी ऐकलं, लाइट डिम. आता वडशात राहणाऱ्या माणसाने दुसरं काय ऐकावं? संध्याकाळपासून व्होल्टेज कमीच होतं. मी म्हटलं, ‘हो, लाइट डिमच आहे, पण इन्व्हर्टर चालू आहे.’ तो म्हणाला, ‘नाही गुरुजी, ते टाइप करा.’ मी एका जुन्या हँडबिलाच्या पाठीवर त्याचं बोलणं उतरवून घेत होतो, देवनागरीत, आणि तिथे जसं ऐकलं तसं लिहिलं. टाइप करताना त्याने एकेक अक्षर सांगितलं म्हणून निभावलं. लाइट डिस्प्ले मॅनेजर त्याचं पूर्ण नाव. निळं पान दाखवतो, नाव विचारतो, पासवर्ड घेतो आणि पडदा वर करतो तो हाच. पडद्यावर लाल अक्षरांत आलं: फेल्ड.

का फेल? पुढची आज्ञा डीएफ डॅश एच. उत्तरात एक आकडा असा होता की तो वाचल्यावर त्याला काही सांगावंच लागलं नाही. 100 टक्के. डिस्क गच्च भरलेली. दोरी ओढणाऱ्या गड्याला उभं राहायलासुद्धा जागा नाही. त्याला चार बारीकसारीक फाइली लिहाव्या लागतात, त्या लिहिता येईनात, म्हणून तो पुन्हा पुन्हा उठायचा आणि पडायचा.

मी विचारलं, डिस्क गच्च आहे तर आपण दोघं आत कसे काय फिरतोय? तर लिनक्सवाले डिस्क तयार करतानाच शंभरातले पाच भाग बाजूला काढून ठेवतात. ते साध्या माणसाला वापरता येत नाहीत, फक्त मालकाला, रूटला. माझ्या 120 जीबीच्या डिस्कवर सहाएक जीबी झाले. आपल्या घरी कोठीतलं बियाण्याचं धान तुझी पणजी असंच वेगळं बांधून ठेवायची. घरात उपास पडला तरी त्या पोत्याला हात नाही. मी गाण्यांनी सगळी कोठी भरली, पण ते पोतं मला दिसतच नव्हतं, म्हणून वाचलं.

आता दोषाचा भाग. जागा खाल्ली कोणी? गाणी चारच जीबीची. बाकीची तू लावून दिलेल्या टाइमशिफ्टने. 2020 च्या जानेवारीत विंडोज 7 चा आधार संपला, मग टाळेबंदीत तू घरी अडकलीस आणि माझ्या मशीनवर लिनक्स मिंट घालून दिलंस, ते उत्तमच केलंस. जाताना म्हणालीस, मोठे बाबा, सिस्टिमचे फोटो आपोआप निघत राहतील, काही बिघडलं तर मागे जाता येईल. किती फोटो ते नाही सांगितलंस! रोजचे पाच, आठवड्याचे तीन, महिन्याचे दोन. नवरदेवाच्या बहिणीनेही एवढे काढले नसते. पण शेवटचं ओझं माझ्या पेनड्राइव्हचं, आणि निरोप न वाचता बंद केला तोही मीच. तेव्हा अर्धा दोष तुझा, अर्धा माझा.

ते फोटो काळ्या पडद्यावरूनच पुसता येतात. यादी मागवायची, नंबर द्यायचा, थांबायचं. एकेकाला पाच-सात मिनिटं लागत होती. त्या वेळात मी त्याला विचारलं, सगळ्यात वरच्या ओळीत ‘टीटीवाय वन’ असं काय लिहिलंय? टीटीवाय म्हणजे टेलिटाइप, तारयंत्राचं भावंड. 1969 मध्ये अमेरिकेत बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स रचलं तेव्हा आज्ञा द्यायला पडदा नव्हता. टाइपरायटरसारखं यंत्र, त्याला कागदाची गुंडाळी. कॉम्प्युटर कागदावर प्रश्न छापायचा आणि माणूस खाली उत्तर टाइप करायचा. पासवर्ड दिसत नाही त्याचं मूळही तिथलंच: कागदावर छापला गेला तर मागून येणारा वाचेल. आपल्याकडची तार 2013 च्या जुलैत बंद झाली, आणि तिच्या नातलगाचं नाव माझ्या टेबलावर रोज उठतं आहे, हे मला माहीतच नव्हतं. अशा सहा खिडक्या मशीनवर कायम तयार असतात. कंट्रोल, आल्ट आणि एफ टू दाबलं की दुसरी, एफ थ्रीने तिसरी. आपलं निळं पान सातवीवर असतं म्हणे.

आणि लिनक्स तर तुझ्याच गावचा. लिनस टॉरवाल्ड्स हेलसिंकी विद्यापीठात शिकत होता, 21 वर्षांचा, आणि 25 ऑगस्ट 1991 ला त्याने जगाला कळवलं की मी फावल्या वेळात एक ऑपरेटिंग सिस्टिम करतो आहे. आपला गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्टचा, 1982 चा. मी नागपूरवाल्याला म्हटलं, म्हणजे जिल्हा नऊ वर्षांनी मोठा, एक दिवस कमी. त्या विद्यापीठाच्या इमारतीवरून कधी गेलीस तर मला फोटो पाठव.

साडेबाराला डीएफ पुन्हा विचारलं, 81 टक्के. मग ‘रीस्टार्ट लाइट डिम’, म्हणजे डीएम. पडदा क्षणभर नुसता काळा झाला, रेघसुद्धा गेली, आणि मी श्वास धरून बसलो. मग निळं पान. माझं नाव. मोठी आई मागे उभी होती, तिने देवाला नमस्कार केला; नागपूरवाला फोनवर विचारत होता, आलं का, आलं का, आणि मी उत्तर द्यायचं विसरलो.

तिसरा अंक शाबूत होता. शेवटची दोन पानं सेव्ह केलेली नव्हती, ती पुन्हा टाइप केली. पावणेतीनला प्रत निघाली. प्रॉम्प्टर सातच्या ऐवजी साडेसहालाच आला, पानं चाळली आणि म्हणाला, अक्षर जरा बारीक वाटते जी.

दुसऱ्या दिवशी मी ते हँडबिल भिंतीवर डकवलं. टाइमशिफ्ट आता आठवड्याचे दोनच फोटो ठेवतं, आणि गाणी पेनड्राइव्हवरच राहतात. ‘लाइट डिम’ मी खोडणार होतो, पण मोठी आई खोडू देत नाही. आल्यागेल्याला दाखवते.

एक काम मात्र तुझ्यासाठी ठेवलंय. त्या रात्री ज्यांची नावं स्वच्छ दिसली ना, ती जुनी नाटकं, अकरा आहेत. नावं दिसतात, पण उघडली की आत नुसती रोमन अक्षरांची खिचडी. जुन्या फॉन्टात टाइप केलेली. क च्या चित्राखाली भलतंच इंग्रजी अक्षर दडवलेलं, आणि तो फॉन्ट आता मशीनवर नाही. त्यातल्या तीन नाटकांचे लेखक हयात नाहीत आणि हस्तलिखितं वाळवीने खाल्ली. यातून युनिकोडात कसं आणायचं ते तिकडे कोणाला विचारून ठेव. दिवाळीला येशील तेव्हा बसू. तोवर मी त्यांना हात लावत नाही.

तुझे,
मोठे बाबा

ता. क. परीक्षेचं काय झालं ते तू सांगितलंच नाहीस.