खोक्यावरचे साठ

मागच्या हिवाळ्यात बाबांना भिगवणला नेलं होतं. उजनीच्या पाण्यात लांबवर रोहित पक्ष्यांचा थवा, आणि बाबांच्या थरथरत्या हातात माझी ८x४२ दुर्बीण. "गुलाबी काहीतरी हलतंय रे," एवढंच म्हणाले. तेव्हाच ठरवलं, ट्रायपॉडवरचा स्पॉटिंग स्कोप घ्यायचा.

दुकानात आधी स्वस्तातला बघितला. खोक्यावर ठळक अक्षरात २०-६०x६०. पण ६० पट केलं की सगळं अंधुक! गणित साधं आहे. भिंगाच्या ६० मिमी व्यासाला ६० ने भागलं की डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत उरतो फक्त १ मिमीचा. २० पटीला तोच ३ मिमी. म्हणजे पैसे मोजायचे ते आकड्यांना नाही, काचेला. ईडी काचेचा स्कोप तेवढ्याच भिंगाचा, पण चौपट महाग. त्यातून समोरच्या पांढऱ्या पाटीच्या कडेला जांभळी झालर मात्र दिसली नाही.

'सध्या साधा घेऊ, चांगला पुढे बघू' असं मनात आलंच. पण बाबा ७६ वर्षांचे. त्यांच्यासाठी 'पुढे' म्हणजे कधी?

महागडाच घेतला.

यंदा जानेवारीत पुन्हा भिगवण. २५ पटीवर लावून दिला. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "अरे, याची चोच वाकडी आहे की!"