एका शहराची वांटणी

पोलंड व चेक प्रजासत्ताक यांच्या सरहद्दीवर ओल्झा नांवाची एक लहानशी नदी वाहते. तिच्या उजव्या तीरावरील गांवाला पोलिश लोक चेशिन म्हणतात; डाव्या तीरावरील गांवाला चेक लोक चेस्की त्येशिन म्हणतात. जर्मन भाषेंत दोहोंचें मिळून तेशेन हें एकच नांव होतें आणि तें यथार्थही होतें. कारण १९२० च्या जुलैपर्यंत हें एकच शहर होतें. त्याची वांटणी कशी झाली, ही हकीकत वाचकांनीं मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे.

या प्रदेशाचें महत्त्व त्याच्या रचनेंत आहे. ओल्झा दक्षिणेकडील बेस्किड पर्वतांत उगम पावून उत्तरेस ओडर नदीला मिळते व तिचें पाणी अखेर बाल्टिक समुद्रांत जातें. याच पर्वतांत याब्लुंकोव्ह नांवाची एक सखल खिंड आहे. तिच्या पलीकडचें पाणी डॅन्यूबला मिळून काळ्या समुद्राकडे वळतें. उत्तरेकडून हंगेरींत जाणाऱ्या व्यापाऱ्यांची ही जुनी वाट. १८७२ त पूर्ण झालेला बोहुमिन-कोशित्से लोहमार्गही तिच्यांतूनच गेला. त्यांत वायव्येस कार्व्हिनाच्या आसपास दगडी कोळशाच्या उत्तम खाणी निघाल्या. खिंड, लोहमार्ग आणि कोळसा या तीन गोष्टी एकत्र आल्या, म्हणजे त्या भूमीवर किती जणांचा डोळा असेल, हें निराळें सांगावयास नको.

गांवाच्या जन्माची दंतकथा मोठी गोड आहे. इ. स. ८१० मध्यें लेश्को, बोल्को व चेश्को हे तीन राजपुत्र दीर्घ भ्रमंतीनंतर एका झऱ्यापाशीं अकस्मात् भेटले. त्या आनंदाप्रीत्यर्थ त्या सख्ख्या भावांनीं तेथें गांव वसविलें आणि ‘आनंद होणें’ या अर्थाच्या पोलिश शब्दावरून त्याला नांव दिलें. दंतकथेला पुरावा मागूं नये. परंतु टेकडीवरील संत निकोलसचें वाटोळें दगडी प्रार्थनामंदिर आठ-नऊशें वर्षांचें खास आहे, व त्याचें चित्र पोलंडच्या वीस झ्लॉटींच्या नोटेवर आढळतें. १२९० च्या सुमारास येथें पियास्त घराण्याचें संस्थान स्थापन झालें. १३२७ त त्यानें बोहेमियाच्या राजाचें मांडलिकत्व पत्करलें. १६५३ त वंश खुंटल्यावर तें ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग घराण्याकडे गेलें. १७४२ त प्रशियाच्या फ्रेडरिकनें सायलेशियाचा बहुतेक भाग बळकाविला, तरी तेशेन ऑस्ट्रियाकडेच राहिलें.

राजे बदलले, तरी माणसें आपापल्या शेतांत व खाणींत राबत राहिलीं. १९१० च्या खानेसुमारींत शेंकडा सुमारें ५५ लोकांनीं पोलिश, २७ जणांनीं चेक व १८ जणांनीं जर्मन ही आपली व्यवहाराची भाषा सांगितली. परंतु खेड्यांतील मनुष्य आपल्या बोलीला ‘पो नाशेमू’, म्हणजे ‘आपल्या पद्धतीचें बोलणें’, एवढेंच म्हणे. युझेफ कोझ्दोन यांच्यासारखे पुढारी तर आपण पोलही नव्हे आणि चेकही नव्हे, सायलेशियन आहों, असें उघड सांगत.

१९१८ त ऑस्ट्रियाचें साम्राज्य कोसळलें. ५ नोव्हेंबरला स्थानिक पोलिश व चेक मंडळांनीं वस्तीच्या भाषेप्रमाणें तात्पुरती वांटणी सामोपचारानें ठरविली. ती प्रागच्या सरकारला मानवली नाहीं. २३ जानेवारी १९१९ रोजीं चेक फौजा चालून आल्या व आठवडाभर लढाई झाली. मोठ्या राष्ट्रांनीं ती थांबवून लोकमत घेण्याचें ठरविलें. पुढें तेंही बारगळलें. ज्यांच्या हातीं न्यायाचा तराजू होता, त्यांपैकीं ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनीं १९१९ च्या एप्रिलमध्यें पार्लमेंटांत कबूल केलें होतें कीं, तेशेनचें नांव आपण पूर्वीं ऐकलेंच नव्हतें! अखेर, पोलंड रशियन फौजांशीं प्राणपणानें झुंजत असतां, २८ जुलै १९२० रोजीं राजदूतांच्या परिषदेनें निकाल दिला. शहरापुरती सरहद्द म्हणजे ओल्झा नदी.

आपल्याकडे भाऊ विभक्त झाले म्हणजे एकाच्या वांट्याला देवघर येतें व दुसऱ्याच्या वांट्याला दिंडीदरवाजा. येथें तेंच झालें. किल्ला, जुना बाजारचौक व नगरभवन पोलंडला मिळालें. रेल्वे स्टेशन आणि कोळशाच्या खाणी चेकोस्लोव्हाकियाला मिळाल्या. स्टेशनापासून पूल ओलांडून चौकाकडे जाणारी ट्राम १९११ पासून धांवत होती; तिच्या वाटेंत सरहद्द आली आणि १९२१ त ती बंद पडली. नदीच्या पश्चिमेस लाखाहून अधिक पोलिश भाषक राहिले.

ही सल पोलंडच्या मनांतून गेली नाहीं. १९३८ च्या ऑक्टोबरांत, म्यूनिकच्या करारानें चेकोस्लोव्हाकिया हतबल झालेला पाहून, पोलिश फौजेनें पूल ओलांडला. शेजाऱ्याच्या संकटांत साधलेला तो लाभ पुरतें वर्षभरही टिकला नाहीं. १९३९ च्या सप्टेंबरांत जर्मनांनीं दोन्ही तीर गिळले. युद्धांत येथील ज्यूंचा संहार झाला. युद्धानंतर जर्मनांना घालवून देण्यांत आलें. १९४५ त पुन्हां ओल्झाच सरहद्द झाली व १९५८ च्या तहानें तिच्यावर शिक्कामोर्तब झालें.

२००४ त दोन्ही देश युरोपीय संघांत आले आणि २१ डिसेंबर २००७ रोजीं पुलावरील नित्याची तपासणी उठली. चेस्की त्येशिनच्या नाट्यगृहांत चेक मंडळीबरोबर १९५१ पासून पोलिश नटमंडळीही आहे. दरवर्षीं दोन्ही गांवें मिळून ‘तीन भावांचा उत्सव’ करतात. तीन भावांची म्हणून दाखविली जाणारी विहीर पोलिश बाजूस आहे. परंतु ती कथा दोन्ही तीरांची आहे.

सरहद्द पुसली गेली नाहीं. ती ओलांडणें तेवढें सोपें झालें. यासाठीं सत्त्याऐंशीं वर्षें लागलीं, आणि ज्या पिढीनें पहिली वांटणी पाहिली ती हा दिवस पाहावयास बहुतेक उरली नव्हती. घर दुभंगावयास एक निकालपत्र पुरतें. तें सांधावयास पिढ्या खर्ची पडतात. एकत्र नांदणाऱ्या कुटुंबांनीं ओल्झाकांठची ही कथा एवढ्याचकरितां लक्षांत ठेवावी.