येणे बाकी

मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे, असे छातीठोकपणे सांगणारा गृहस्थ बहुधा लंडनला गेलेला नसतो. मीही गेलेलो नाही, म्हणून मीही तेच सांगतो.

हा आकडा भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून काढू नये. नकाशा सपाट असतो, पृथ्वी नसते. पृथ्वीच्या गोलावर दोन गावांमध्ये दोरा ताणून धरावा, तो जेवढा भरेल तेवढे अंतर. प्रत्यक्षात विमान त्याहून थोडे जास्तच फिरते, कारण आकाशातसुद्धा ‘रस्ता बंद’ असतो. जायला साधारण नऊ ते दहा तास. यायला त्याहून कमी. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात ना! परदेशी निघालेल्याला वारा अडवतो आणि घरी परतणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवतो. साहेब लोकांनी वाऱ्यापासून शिकण्यासारखे आहे.

एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला पहिल्यांदा निघाले, ते कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत गेले. म्हणजे आमच्या एस्टीसारखेच. फक्त मधे कोणी भुईमुगाच्या शेंगा विकायला चढले नसावे.

आता वेळेचा हिशेब. लंडनचे घड्याळ आपल्या मागे. हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. जाताना एवढे तास आपल्या खात्यावर जमा होतात आणि येताना मुकाट्याने नावे पडतात. व्याज एका मिनिटाचेही नाही. शुद्ध करंट अकाउंट!

माझा धाकटा भाऊ तिकडे नोकरीला आहे. एकदा आईने सांगलीत बसून मला विचारले,

“इथनं मुंबईला एस्टीनं किती तास रे?”

“आठ-नऊ.”

“आणि मुंबईहून त्याच्याकडे?”

“नऊ-दहा.”

“म्हणजे मुंबई निम्म्या वाटेवरच आली की! मग तो दोन-दोन वर्षं का येत नाही?”

बी. कॉम.ला हा प्रश्न नव्हता. तिकिटाचे पैसे, शिल्लक रजा, पोरांच्या शाळेची सुट्टी, ही अंतरे किलोमीटरमध्ये मोजत नाहीत आणि वैमानिकही ती जाहीर करीत नाही. वडील गेले तेव्हा धाकट्याला रात्रीच फोन केला होता. तो तिसऱ्या दिवशी दारात आला. विमानात बसला होता नऊच तास.

दर रविवारी तो दुपारी चारला फोन करतो. चार त्याचे, आपले उन्हाळ्यात साडेआठ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे तासभर मागे जातात आणि फोन साडेनवाला येऊ लागतो. मी अजून हे बोटांवर मोजतो. आईला ग्रीनविच ठाऊक नाही. पण त्या रविवारी संध्याकाळी ती आपणहून म्हणते, “तिकडं थंडी पडायला लागली असेल. आता फोन साडेनवाला.”

आणि स्वतःचे पान त्यानंतरच वाढून घेते.