यंत्रांच्या भरंवशावर यात्रा

पूर्वीं काशीयात्रेस निघणारा गृहस्थ घरादाराची निरवानिरव करूनच उंबरठा ओलांडीत असे. आजच्या प्रवाशास तेवढें करावें लागत नाहीं. परंतु बरोबर घेतलेल्या यंत्रांचे स्वभाव मात्र त्यानें आधीं ओळखून ठेवले पाहिजेत. सन २०२४ च्या जुलै महिन्यांत चिरंजीवांनीं एक घरगाडी भाड्यानें घेतली, आणि आम्हीं सहकुटुंब अमेरिकेंतील सिअ‍ॅटलहून कॅनडामार्गें अलास्कापर्यंत प्रवास केला. घरगाडी म्हणजे बिछाने, शेगडी, मोरी व शीतकपाट हीं सर्व जींत असतात अशी मोटार. त्या प्रवासांत जें ध्यानांत आलें तें येथें सांगतों.

अलास्का महामार्ग सन १९४२ मध्यें, युद्धाच्या धामधुमींत, अमेरिकेच्या लष्करानें बांधला. ब्रिटिश कोलंबियांतील डॉसन क्रीक येथें तो सुरू होतो व अलास्कांतील डेल्टा जंक्शन येथें संपतो. आजची लांबी सुमारें २,२०० किलोमीटर. वस्ती इतकी विरळ कीं, तासन् तास मोबाइल मुका असतो. सीमा ओलांडतांच मैलांचे किलोमीटर होतात व गॅलनचे लिटर. युकॉन प्रदेशानें २०२० पासून वर्षांतून दोनदां घड्याळ फिरविण्याची चाल सोडली आहे. तेथून अलास्कांत शिरतांच उन्हाळ्यांत घड्याळ एक तास मागें घ्यावें लागतें.

मोबाइल मुका झाला तरी आपलें स्थान त्यास कळतें, याचें पुष्कळांस नवल वाटतें. तें ज्ञान सुमारें २०,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांकडून येतें. त्यास मोबाइलचें जाळें लागत नाहीं. नकाशा मात्र त्या जाळ्यांतूनच येतो. दोहोंचा संबंध अंधपंगुन्यायाचा आहे. एकाविण दुसऱ्याचें चालत नाहीं. सूनबाईंनीं निघण्यापूर्वींच नकाशे उतरवून ठेवले होते, म्हणून आमची वाट चुकली नाहीं. शिवाय १९४९ पासून निघणारें ‘दि माइलपोस्ट’ हें मार्गदर्शक पुस्तक हातीं होतें. त्यास ना वीज लागते, ना जाळें.

खरी कसोटी मंचो सरोवराकाठीं लागली. विजेची जोडणी नसलेल्या तळावर रात्र काढून उठलों, तों शीतकपाटाचा दिवा मालवलेला. आंत सौभाग्यवतींच्या इन्शुलिनच्या कुप्या! गाडी देणाऱ्यांचा मदतीचा क्रमांक जवळ होता, पण लागणार कसा? चिरंजीवांचा चेहरा उतरला. तेव्हां सौभाग्यवतीच म्हणाल्या, “अहो, असे घाबरतां काय? वापरांतली कुपी साध्या हवेंत चार आठवडे चालते, असें डॉक्टरांनीं सांगितलें आहे. राहिलेल्या तेवढ्या गार ठेवूं.” त्यांनीं सरोवराच्या पाण्यांत फडकें भिजवून पिळलें व कुप्यांची डबी त्यांत गुंडाळून सावलींत ठेवली.

इकडे आम्ही कारण शोधूं लागलों. शीतकपाट चालतें गॅसवर. पण त्यास चालविणारी कळ बारा व्होल्टच्या बॅटरीवर असते. रात्रीं थंडीमुळें उष्ण हवेचा पंखा चालला व त्यानें बॅटरी शोषली. चिरंजीवांनीं गाडीचें इंजिन सुरू केलें. बॅटरी भरूं लागली, आणि तासाभरानें दिवा लागला.

यंत्र बिघडलें म्हणून अनर्थ होत नाहीं. कोणतें यंत्र कशावर अवलंबून आहे हें घरांत कोणासच ठाऊक नसेल, तर होतो. म्हणून अशा प्रवासास निघणाऱ्यांनीं औषधें दोन ठिकाणीं विभागून ठेवावीं व त्यांचे नियम सर्वांस सांगावे. महत्त्वाचे क्रमांक वहींत लिहावे. मायदेशांतील बँकेचा परवलीचा आंकडा रानांत पोंचत नाहीं, यास्तव थोडें रोख चलन जवळ बाळगावें. आणि कोणतीहि विद्या एकाच माणसाच्या खिशांत राहूं देऊं नये. एकत्र कुटुंबाचें खरें बळ तेथेंच दिसतें: एकास जें सुचत नाहीं तें दुसऱ्यास ठाऊक असतें.